कुठला कचरा कुठल्या कप्प्यात, आणि का: इंदूरकरांसाठी

चहाचा कागदी कप सुक्यात टाकायचा की प्लास्टिकमध्ये? दिसायला तो कागद. पण चहा झिरपू नये म्हणून आतून त्याला प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. रद्दीवाला तो घेत नाही. खताच्या खड्ड्यात टाकला तर कागद कुजतो आणि प्लास्टिकची साल तेवढी मागे राहते. रोज सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, कचरागाडीपाशी असले प्रश्न पडतात. मग बहुतेक लोक गाडीवरच्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघत अंदाजाने कुठल्या तरी कप्प्यात हात मोकळा करतात.

स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून आपला नंबर पहिला. २०२३ मध्ये तो सुरतेबरोबर वाटून घ्यावा लागला, तेही आपल्या लोकांना जरा जडच गेलं. ‘ओला-सुका’ तर इथे बालवाडीतल्या पोरांनाही पाठ आहे. पण अमुक गोष्ट अमुक कप्प्यातच का, हे फारसं कुणी सांगत नाही. मग नियम पाठांतराचे होतात, आणि पाठांतर नेमकं कागदी कपापाशी अडतं. खरं तर एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरते. गाडीतून उतरल्यावर वस्तू जिथे जाणार असते, त्यावरून तिचा कप्पा ठरतो. तिचं पुढचं मुक्कामाचं ठिकाण कळलं की कप्पा सांगावा लागत नाही.

आधी कायद्याचं, थोडक्यात

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. कचऱ्याचे केंद्राचे सगळे नियम याच कायद्याखाली निघतात. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि शहरांमधल्या उकिरड्यांकडे देशाचं लक्ष गेलं. १९९६ मध्ये पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि त्या प्रकरणातून पुढे २००० सालचे घनकचऱ्याचे नियम आले. ते नियम मुख्यतः नगरपालिकांना उद्देशून होते: कचरा उचला, झाकून न्या, नीट विल्हेवाट लावा. २०१६ च्या नियमांनी रोख घराकडे वळवला. कचरा ज्याच्या घरात किंवा दुकानात तयार होतो त्यानेच तो वेगळा करून द्यायचा, त्याच्या उचलण्याचं शुल्क द्यायचं, आणि तो रस्त्यावर, नाल्यात टाकायचा नाही की जाळायचा नाही, अशी जबाबदारी त्यांनी सरळ आपल्यावर टाकली. आता त्यांची जागा २०२६ च्या नियमांनी घेतली आहे. ते १ एप्रिल २०२६ पासून लागू.

२०१६ मध्ये भाग तीन होते: ओला, सुका आणि घरगुती घातक. २०२६ च्या नियमांत चार आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि ‘विशेष काळजीचा’. मग आपल्या गाडीला सहा कप्पे कुठून आले? इंदूरने सुक्यातून प्लास्टिक वेगळं काढलं आणि ई-कचऱ्याला स्वतंत्र जागा दिली. कायद्याच्या चार घरांमध्ये दोन पडद्या घातल्या, एवढंच. म्हणजे तुम्ही सहा कप्प्यांची शिस्त पाळत असाल तर नव्या नियमांनी घरापुरता फारसा फरक पडत नाही. दुकान, हॉटेल, सोसायटी यांना मात्र पडतो, ते पुढे येईलच.

गोंधळ होतो तो आणखी एका कारणाने. घनकचऱ्याचे नियम वेगळे, प्लास्टिकचे वेगळे (२०१६, आणि त्यानंतरच्या बऱ्याच दुरुस्त्या), दवाखान्याच्या कचऱ्याचे वेगळे (२०१६), ई-कचऱ्याचे वेगळे, बॅटऱ्यांचे वेगळे (दोन्ही २०२२), आणि बांधकामाच्या मलब्याचे तर २०२५ मध्ये नवे आले. एका पिशवीतल्या चार वस्तूंना चार नियमावल्या लागू होतात. त्या सगळ्या वाचायची गरज सामान्य माणसाला नाही, पण त्या आहेत हे माहीत असलेलं बरं.

ओला कचरा: देवगुराडियापर्यंतचा प्रवास

आपल्या घरातल्या कचऱ्यात सगळ्यात जास्त वजन असतं ओल्याचं. म्हणून यावर जरा थांबू.

गल्लीतली छोटी गाडी भरली की ती जवळच्या ट्रान्सफर स्टेशनला जाते. तिथे ओला आणि सुका वेगवेगळ्या ठिकाणी रिकामा होतो, दाबून मोठ्या बंद डब्यात भरला जातो, आणि तो डबा हूक लोडरवर (डबा उचलून नेणाऱ्या ट्रकवर) चढून नेमावर रोडने देवगुराडियाला पोचतो. तिथे ओल्यापासून बायो-सीएनजी तयार करणारा प्रकल्प आहे. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं. दिवसाला ५५० टन ओला कचरा जिरवायची त्याची क्षमता आहे. त्यातून रोज सुमारे १७,००० किलो सीएनजी आणि १०० टन खत मिळेल असा हिशेब धरला आहे. गॅसपैकी किमान निम्मा निगमने आपल्या बससाठी विकत घ्यायचा, असं ठरलेलं आहे. सिटी बसमध्ये बसून आपण कधी तरी आपलीच दोडक्याची सालं जाळत असतो म्हणा ना.

आत काय चालतं? गायीच्या पोटात जे चालतं तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. कचरा बारीक दळून त्याची लापशी करतात आणि ती हवाबंद टाक्यांत सोडतात. तिथे प्राणवायू नसतो. अशा जागी जगणारे जिवाणू ती लापशी खातात आणि मिथेन व कार्बन डायऑक्साइड सोडतात. कार्बन डायऑक्साइड आणि इतर वायू काढून टाकले की उरतो जवळजवळ शुद्ध मिथेन, तो दाबून भरला की सीएनजी. टाकीत खाली राहतं त्याचं खत.

या यंत्रणेचे दोन शत्रू आहेत. पहिला प्लास्टिकची पिशवी. दळणाऱ्या यंत्राच्या फिरत्या दांड्याभोवती ती गुंडाळली जाते, आणि मग काम थांबवून ती कापून काढावी लागते. दुसरा डायपर. त्यातल्या भुकटीचा पाणी शोषून फुगलेला जेल जिवाणूंच्या काही कामाचा नाही आणि तो सगळ्या लापशीत पसरतो. ओला कचरा पिशवीत गाठ मारून द्यायचा नाही, डब्यातून सुटा ओतायचा, हा नियम आला तो यामुळे. डबा चिकट होतो अशी घरोघरी तक्रार असते. त्यावर तळाशी जुन्या वर्तमानपत्राचा एक कागद घालणं हा साधा उपाय. कागद कुजतो, तो ओल्याबरोबर गेला तरी चालतो.

या कप्प्यात काय जातं: भाज्यांची देठं, सालं, उरलेलं अन्न, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, हाडं, केळीचं पान, तेलकट झालेला कागद, हात पुसलेला टिश्यू पेपर. पातळ आमटी, सार वगैरे आधी गाळून घ्या, नाहीतर गाडीतून रस्ताभर गळती होते. नारळाची करवंटी कुजायला फार वेळ घेते आणि यंत्राच्या पात्यांनाही बाधते, ती मऊ कचऱ्यात न दडवता वेगळी हातात दिलेली बरी. निर्माल्य ओल्यातच, पण हारातला दोरा, जरीची फीत, उदबत्तीचं पाकीट आणि कापराची डबी काढून. आपल्याकडे निर्माल्य कचऱ्यात टाकणं अजून कित्येक घरांत जिवावर येतं. त्यांच्यासाठी सांगतो, खजराण्याच्या गणपतीला रोज वाहिली जाणारी फुलंसुद्धा खतासाठीच जातात. कान्ह नदीत सोडण्यापेक्षा हे देवालाही चालण्यासारखं आहे.

घरीच खत करत असाल तर उत्तम, नियमांचीही त्याला साथ आहे. ओल्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच किंवा जास्त वाळका पाला घालायचा, एवढं पाळलं की वास येत नाही. वास आला म्हणजे पाणी जास्त झालं.

हे सगळं न केल्यावर काय होतं तेही याच देवगुराडियाने दाखवलं आहे. पूर्वी त्या बाजूने जाताना काचा वर कराव्या लागत. वर्षानुवर्षं मिसळलेला कचरा तिथे टाकला जात होता. ढिगाऱ्याच्या आत हवा पोचत नाही, त्यामुळे तिथेही मिथेन तयार होतोच, पण तो कुणाच्या टाकीत जात नाही. तो पेटतो. खालून काळं पाणी झिरपत जमिनीत उतरतं. २०१८ मध्ये निगमने सुमारे १३ लाख टन जुना कचरा उपसून, चाळून वेगळा केला आणि डिसेंबरपर्यंत ती साधारण १०० एकरांची जागा मोकळी केली. माती, दगड, प्लास्टिक, चिंध्या असं एकेक वेगळं झालं. यंत्रं विकत न घेता भाड्याने घेतल्यामुळे खर्च १० कोटींच्या आत राहिला, असं त्या वेळचे आयुक्त आशीष सिंह सांगत. जे काम स्वयंपाकघरात दहा सेकंदांचं होतं, तेच नंतर करायला इतकी यंत्रं आणि इतके महिने लागले.

सुका आणि प्लास्टिक: शेवेचं पाकीट उघडून बघा

सुका कचरा जातो तो निवडायच्या केंद्रात. तिथे पट्ट्यावरून सरकणाऱ्या कचऱ्यातून यंत्रं आणि माणसं मिळून कागद, पुठ्ठा, बाटल्या, धातू, काच वेगळी काढतात. ज्याला गिऱ्हाईक आहे ते विकलं जातं. ज्याला नाही त्याचं करायचं काय हा सगळा पेच.

लसणी शेवेचं रिकामं पाकीट घ्या, फाडा आणि उजेडात धरा. बाहेरून छापील प्लास्टिक, आतून चांदीसारखं चकचकीत. ते एक प्लास्टिक नाही, दोन-तीन थर एकमेकांना चिकटवलेले आहेत आणि त्यांतल्या एकावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा आहे. शेव कुरकुरीत राहते ती त्यामुळेच. पण हे थर पुन्हा वेगळे करणं परवडत नाही, म्हणून अटालेवाला, म्हणजे भंगारवाला, त्याला हातही लावत नाही. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, दुधाची पिशवी, शांपूची बाटली यांना मात्र भाव आहे, कारण ती एकाच जातीच्या प्लास्टिकची असतात. पाकीट बहुधा सिमेंटच्या भट्टीत कोळशाच्या जोडीला इंधन म्हणून जातं. सिमेंट कारखान्यांनी असं इंधन ५ टक्क्यांपासून सुरू करून सहा वर्षांत १५ टक्क्यांवर न्यायचं, असं २०२६ च्या नियमांत आहे. म्हणजे त्या पाकिटांना निदान मुक्कामाचं ठिकाण तरी मिळालं.

आता कागदी कपाचं उत्तर देता येतं. तो गेला तर कागदाच्या खास कारखान्यात जाईल नाहीतर भट्टीत, खतात नक्की नाही. म्हणून तो सुक्यात, उरलेला चहा झटकून. टेट्रा पॅकही सुक्यात: त्यात कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम असं तिन्ही असतं, आणि त्याचे दाबून पत्रे, फळ्या बनवतात.

दोन बारीक गोष्टी आहेत ज्या कुठल्या फलकावर लिहिलेल्या नसतात. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका. तो इवलासा तुकडा कुठल्याच चाळणीत सापडत नाही, पिशवीलाच लोंबकळू द्या. आणि दह्याचा डबा, सॉसची बाटली भांडी घासल्यावर उरलेल्या पाण्याने एकदा विसळा. लख्ख करायची गरज नाही. पण चिकट डब्याबरोबर गेलेला आख्खा पुठ्ठा खराब होतो आणि ओल्या पुठ्ठ्याला कुणी पैसे देत नाही. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळा, वर ठळक अक्षरात ‘काँच’ लिहा आणि देताना तोंडानेही सांगा. ते बोचकं पुढे तीन-चार माणसांच्या हातातून जातं.

रद्दी, पुठ्ठा, भांडी अटालेवाल्याला विकायला काहीच हरकत नाही. उलट शहरातलं पुनर्वापराचं बरंच काम पूर्वीपासून तोच करत आला आहे.

इथे थोडं मनातलं बोलतो. शेवेच्या पाकिटावर आपल्याला उपदेश ऐकावा लागतो, पण ते पाकीट दोन-तीन थरांचं करायचं हे आपण ठरवलेलं नसतं. कायद्याने हे उशिरा का होईना, ओळखलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये प्लास्टिकच्या वेष्टनांसाठी ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’ सविस्तर लागू झाली. कंपनी जेवढं प्लास्टिक बाजारात सोडते त्याच्या ठरावीक हिश्शाचा पुनर्वापर झाल्याचं प्रमाणपत्र तिने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर दाखवायचं. प्रमाणपत्र देतो नोंदणी असलेला पुनर्वापर करणारा कारखाना. त्याला लागतो वेगळं केलेलं प्लास्टिक. म्हणजे या साखळीची सुरुवात पुन्हा आपल्याच ओट्यावर येऊन थांबते.

सॅनिटरी आणि विशेष काळजीचा

“आंटी, डायपर अलग दो, इसमें नहीं,” असं गाडीवरचा मुलगा ओरडतो तेव्हा बऱ्याच जणींना संकोच वाटतो. नियमात यासाठी स्पष्ट तरतूद आहे. वापरलेले सॅनिटरी पॅड, डायपर, टॅम्पॉन, कंडोम हे कागदात किंवा कंपनीने दिलेल्या पाकिटात नीट गुंडाळून वेगळे द्यायचे. २०१६ च्या नियमांत हे गुंडाळून सुक्याच्या डब्यात ठेवायची मुभा होती, २०२६ मध्ये ती उरली नाही. यांचं ठिकाण म्हणजे उच्च तापमानाची भट्टी. सुक्यात मिसळले तर पट्ट्याजवळ उभ्या असलेल्या बाईला ते हाताने उचलावे लागतात, आणि ती बाई आपल्यासारखीच घरी जाऊन पोळ्या लाटते.

विशेष काळजीच्या कचऱ्यात रंगाचे डबे, किडे मारण्याच्या औषधांच्या बाटल्या, ट्यूबलाईट, सीएफएल, पाऱ्याचा थर्मामीटर, मुदत संपलेली औषधं, वापरलेल्या सुया येतात. हे थोडं थोडं निघतं, रोज द्यायची गरज नाही. घरात उंचावर, मुलांच्या हाती लागणार नाही असा एक झाकणाचा डबा ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी द्या.

यांतल्या दोन गोष्टींना खास जपायला हवं. एक, इन्सुलिनच्या सुया. आता बऱ्याच घरांत कुणी ना कुणी मधुमेही असतं. टोपण घातलेली सुईसुद्धा पिशवीतून बाहेर येते. जाड प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीत सुया टाकत जा, बाटली पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि सांगून द्या. दुसरी, सीएफएल किंवा ट्यूब. तिच्यात अगदी थोडा पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडा, थोडा वेळ खोलीबाहेर थांबा, आणि झाडू न मारता कडक पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा. झाडूने पारा पसरतो आणि मग तोच झाडू देवघरातही फिरतो. बारीक कण चिकटपट्टीने उचलून सगळं झाकणाच्या बरणीत घाला. एलईडी दिव्यात पारा नसतो, तो ई-कचऱ्यात जातो.

ई-कचरा आणि बॅटऱ्या

२०२२ चे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांच्या यादीत शंभराहून जास्त उपकरणं आहेत: फ्रिज, मिक्सर, मोबाईल, चार्जर, खेळणी. इथेही जबाबदारी मुख्यतः कंपनीवर. ज्या संस्थेत किंवा कचेरीत वर्षात कधीही १,००० किंवा जास्त उपकरणं वापरात असतात तिने तो कचरा नोंदणीकृत मार्गानेच द्यायला हवा. घरातून तो निगमच्या गाडीत किंवा कंपनीच्या परतीच्या केंद्रात द्यावा. जुना फोन अटालेवाल्याला दिला तर चार पैसे जास्त मिळतील, पण पुढे कुठे तरी गल्लीत त्याच्या वायरी तांब्यासाठी जाळल्या जातात आणि आतल्या सर्किटच्या पट्ट्यांवर आम्ल ओतलं जातं, त्याचा धूर आपल्याच हवेत येतो.

फुगलेली पॉवर बँक किंवा मोबाईलची बॅटरी सुक्यात टाकणं मात्र खरोखर धोक्याचं. कचरा दाबणाऱ्या यंत्रात लिथियमची बॅटरी चेपली गेली की ती पेटते, आणि भोवती कागद-पुठ्ठा असतो. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून ती वेगळी द्या. इन्व्हर्टरची किंवा गाडीची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदारालाच परत करायची, तो किंमत वजा करतो.

दुकानदार, हॉटेलवाले, सोसायट्या

इथून नियम कडक होतात.

पिशवीपासून सुरू करू. ३१ डिसेंबर २०२२ पासून प्लास्टिकची कॅरीबॅग १२० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ असू शकत नाही, आणि कापडासारख्या दिसणाऱ्या न विणलेल्या पिशवीला दर चौरस मीटरला ६० ग्रॅमची अट आहे. त्या ‘कापडी’ पिशव्याही बहुधा प्लास्टिकच्याच धाग्याच्या असतात, हे गिऱ्हाईकाला माहीत नसतं. मायक्रॉन मोजायला दुकानदाराकडे यंत्र कुठून असणार? त्याने पिशवीवर उत्पादकाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि जाडी छापलेली आहे का ते बघावं. काहीच छापलेलं नसेल तर ती घेऊ नये. शेवेचं सीलबंद पाकीट कॅरीबॅगमध्ये मोडत नाही, त्याला हा १२० मायक्रॉनचा नियम लागू नाही.

१ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही वस्तू देशभर बंद आहेत. प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, काटे, सुऱ्या, स्ट्रॉ, ढवळायच्या काड्या, फुग्याच्या आणि आईस्क्रीमच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकचे झेंडे, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर. या यादीतल्या दोन गोष्टी आपल्या लोकांच्या ध्यानातच येत नाहीत. मिठाईच्या खोक्यावर ताणून लावलेला प्लास्टिकचा कागद बंद आहे. आणि सजावटीचा थर्माकोल बंद आहे, म्हणजे गणपतीचं थर्माकोलचं मखर. कुणी अजून विकत असेल तर ते लपूनछपून.

पोहे-जिलबी, कचोरी, नमकीन ही इंदूरची ओळख, तेव्हा तळणाच्या तेलाचं सांगायलाच हवं. ते गटारात ओतलं तर थंड होऊन नळात थर धरतं, ओल्यात ओतलं तर सगळं माखतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातल्या ‘एकूण ध्रुवीय संयुगां’ना, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या घटकांना, २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. त्यापुढे ते तेल खाण्यायोग्य राहत नाही. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागत असेल तर वापराची आणि टाकलेल्या तेलाची नोंदवही ठेवावी लागते. वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलसाठी देणाऱ्या अधिकृत संकलकांची व्यवस्था त्याच वर्षी सुरू झाली. काळं तेल स्वस्तात घेऊन जाणारा कुणी दाराशी आला तर त्याला नोंदणी विचारा. नाहीतर ते पुन्हा कुणाच्या तरी कढईत जातं.

आता मोठा बदल. नव्या नियमांत तुमच्या इमारतीचं क्षेत्रफळ २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल, किंवा रोज ४०,००० लिटर पाणी लागत असेल, किंवा रोज १०० किलो कचरा निघत असेल, तर तुम्ही ‘मोठे कचरा उत्पादक’. यांतलं एक लागू झालं तरी पुरे. मोठी टाउनशिप, हॉस्टेल, हॉटेल, मॉल, कॉलेज, मंगल कार्यालय यांतले बरेच यात येतात. त्यांनी ऑनलाइन नोंदणी करायची आणि ओला कचरा शक्य तितका आपल्याच आवारात जिरवायचा. जागाच नसेल तर तेवढ्या कचऱ्याचं प्रमाणपत्र घ्यायचं, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामाचे पैसे मोजायचे. सोसायटीच्या सभेत ‘आम्ही निगमला कर देतो, मग खत आम्ही का करायचं’ असा प्रश्न हमखास येतो. उत्तर असं की घरपट्टीचा हिशेब एका घराच्या डब्यापुरता असतो, रोज १०० किलो टाकणाऱ्याने निगमच्या कचरागाड्या अडकवून ठेवू नयेत ही अपेक्षा गैर नाही. मला तरी नाही वाटत.

दवाखाना, दंतवैद्य, पॅथॉलॉजी, गुरांचा डॉक्टर यांनी एकही बोळा निगमच्या गाडीत टाकायचा नाही. पिवळ्यात रक्ताने माखलेलं ड्रेसिंग व कालबाह्य औषधं, लाल पिशवीत नळ्या आणि सुई काढलेल्या सिरिंज, पांढऱ्या भोक न पडणाऱ्या डब्यात सुया-ब्लेड, निळ्यात काच. पिशव्यांना बारकोड, आणि प्रक्रिया न केलेला असा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. तो अधिकृत सामायिक केंद्रच नेतं.

घराचं काम काढलं तर मलबा रस्त्याकडेला लोटू नका. तो आपल्या आवारात वेगळा ठेवायचा आणि निगमला सांगून पैसे भरून उचलवायचा. देवगुराडियाला तो दळून त्यापासून पेव्हर ब्लॉक, विटा होतात. बागेचा पालापाचोळाही असाच वेगळा.

मुंज, लग्न, हळदीकुंकू

परवाना नसलेल्या जागी शंभराहून अधिक माणसं जमणार असतील, तर निगमला किमान तीन कामाचे दिवस आधी कळवायचं आणि कचरा जागीच वेगळा करून द्यायचा, हे २०१६ च्या नियमांत होतं. आपल्या मुंजीला शंभरांत भागतं असं कधी ऐकलं आहे का? केटररला ठरवतानाच सांगा: पत्रावळी किंवा स्टीलची ताटं, आणि उष्ट्याचे ड्रम वेगळे. उरलेलं चांगलं अन्न वाटायचं असेल तर ते गरम असतानाच बाजूला काढायचं, नंतरचं सगळं ओल्यात.

दंड आणि तक्रार

सगळ्यात महाग पडतं ते जाळणं. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये भरपाई, असा राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे. माळ्याने पाला पेटवला तरी उत्तर घरमालकाला द्यावं लागतं. रस्त्यावर टाकणं, मिसळून देणं यांवर निगमचा स्पॉट फाईन आहे. घराचं, दुकानाचं, हॉटेलचं कचरा शुल्क वेगवेगळं असतं, ते उपविधींनुसार ठरतं. जे भराल त्याची पावती मागून घ्या, दरोगाने (सफाईच्या मुकादमाने) तोंडी सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका.

गाडी आली नाही, मिसळून नेली, किंवा गादी, सोफा, मोडकं कपाट असं अवजड काही द्यायचं असेल, तर निगमच्या इंदूर ३११ ॲपवर फोटोसह तक्रार टाका किंवा झोनल ऑफिसला कळवा. कप्पे नीट आहेत आणि गाडीवाला सगळं एकत्रच ओततो असं दिसलं, तर गाडीचा नंबर टिपा आणि तोच लिहा. नुसतं ‘हमारी कॉलोनी में’ लिहिलेल्या तक्रारीचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.